चार कव्हरं, पाच मिलिमीटर

मी कव्हरच्या आत, मोटारसायकलच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसलो होतो. बाहेर पाऊस पडत होता आणि पावसात छत्री धरून माझे सासरे उभे होते.

"उजेड दिसतोय का कुठं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"टाचणीएवढा?"

"नाही आण्णा."

"नीट बघा, पावणं. घाई न्हाई."

मी नीट बघितलं. आत काळोख होता, पेट्रोलचा वास होता आणि माझ्या डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या. उजेडाचा ठिपका कुठेच नव्हता. तसं सांगितल्यावर बाहेरून समाधानाचा हुंकार आला आणि मला बाहेर यायची परवानगी मिळाली.

तो अधिक श्रावणाचा पहिला दिवस होता. एकोणीस वर्षांनी परवा तोच अधिक पुन्हा आला, म्हणून हे सगळं आठवलं. अधिक महिन्यात जावयाला वाण द्यायचं असतं आणि ते जाळीदार, छिद्रं असलेलं असावं लागतं. म्हणून अनारसे देतात, बत्तासे देतात, आणि तेही मोजून तेहतीस. आण्णा त्या रविवारी अकराच्या एसटीने आले आणि ज्यात एकही छिद्र नाही अशी वस्तू त्यांनी मला वाण म्हणून दिली. चांदी रंगाचं कव्हर होतं. पिशवीवर 'शंभर टक्के वॉटरप्रूफ' असं छापलं होतं. आण्णांचा छापील मजकुरावर विश्वास नसे, म्हणून मला आत बसवलं होतं.

कव्हरची गरज होती हे खरं. आजऱ्यात आम्ही दीड खोलीच्या भाड्याच्या घरात राहत होतो. माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. शेतावरचे जळके पंप आणायला-पोचवायला गाडी लागायची आणि ती उभी करायला अंगणाशिवाय जागा नव्हती. आमच्याकडचा पाऊस एकदा बसला की उठायचं नाव घेत नाही. सकाळी वीस-पंचवीस किका मारल्यावर गाडी म्हाताऱ्यासारखी एकदा खोकायची आणि गप्प बसायची. मग मी ती ढकलत स्टँडच्या उतारापर्यंत न्यायचो. तसंच एकदा ढकलताना आण्णांनी मला एसटीच्या खिडकीतून पाहिलं होतं म्हणे. तरी ते आले याचं मला नवलच वाटलं, कारण लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि तीन वर्षांत त्यांनी आमच्या अंगणातही पाऊल टाकलं नव्हतं.

वैजयंता त्यांची एकुलती एक लेक. ती दहावीत असताना तिची आई गेली आणि पुढे बाप-लेक दोघंच धरणावरच्या क्वार्टरमध्ये राहिले. आम्ही कोल्हापुरात जाऊन रजिस्टर लग्न केलं. आमची जात वेगळी होती, पण त्यावर आण्णा कधी अवाक्षर बोलले नाहीत. त्यांचं दुखणं निराळं होतं. "मला कळवलं न्हाई," एवढंच ते म्हणाले, आणि तिच्या घराचा उंबरा ओलांडणार नाही असं सांगून टाकलं. वैजयंता त्यांचीच लेक. बोलवायला मी जाणार नाही, असं तिने मला सांगून टाकलं. दर दिवाळीला ती फराळाचा एक डबा वेगळा भरून ठेवायची आणि भाऊबीज झाली की शेजारी देऊन टाकायची. मला ते बघवत नसे. तिला बापाकडून साडी नको होती, सोनं नको होतं. तो एकदा घरात यावा आणि पाटावर बसावा, एवढंच हवं होतं.

आण्णा म्हणजे सदाशिव रामा होडगे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. एकतीस वर्षं त्यांनी पाऊस मोजला. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातली बाटली काढायची, पाणी रेघांच्या काचनळीत ओतायचं, आकडा वहीत लिहायचा. चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटर झाला की अतिवृष्टी धरतात आणि नुकसानभरपाई मिळते. एका वर्षी ओढ्याकाठची सगळी भातं वाहून गेली आणि नळीत भरला चौसष्ट पूर्णांक दोन. सरपंच आले, साहेब आले, सख्खा भाऊ आला. भावाचं भातही त्यात गेलं होतं. आण्णांनी चौसष्ट पूर्णांक दोन लिहिलं. भाऊ दोन वर्षं बोलला नाही. ही गोष्ट वैजयंता अभिमानाने सांगायची. आण्णांजवळ विषय निघाला तर ते म्हणायचे, नळीत तेवढंच होतं.

तर त्या पहिल्या रविवारी वैजयंता चहाचा कप घेऊन दाराच्या चौकटीत उभी होती. उंबऱ्यापासून आण्णा असतील सोळा-सतरा फुटांवर.

"त्यांना सांगा, च्या निवाय लागलाय," ती मला म्हणाली.

"तिला सांगा, मी पिऊन आलोय," आण्णा मला म्हणाले.

दोघांनाही एकमेकांचं स्वच्छ ऐकू येत होतं. मी दोन्ही निरोप दोन्हीकडे पोचवले. आण्णा एकच्या एसटीने परत गेले आणि जाताना म्हणाले की पुढच्या रविवारी कव्हर तपासायला येईन. वैजयंताने तो चहा परत पातेल्यात ओतला आणि बराच वेळ पातेल्याकडे बघत उभी राहिली.

पुढच्या रविवारी आण्णांनी कव्हर उचललं, सीटवर तळवा टेकवला आणि ओला तळवा मला दाखवला. मी चाट पडलो. आठवडाभर मी रोज सकाळी कव्हर काढून गाडी नेत होतो आणि सीट खडखडीत कोरडी असायची. तसं आण्णांना सांगितलं.

त्यांनी थोडा विचार केला. "रविवारी वारं फिरतंय," ते म्हणाले.

पाऊस हा त्यांचा विषय. मी मान हलवली.

मग आम्ही दोघं कव्हर निवडायला इस्माइलभाई कुशनवाल्यांकडे गेलो. ते रिक्षाची हुडं शिवायचे. आण्णांनी रेक्झिनचे सगळे ताके उलटेसुलटे करून बघितले, एकेकाचा कोपरा तोंडाजवळ धरून पलीकडे फुंकर जाते का ते पाहिलं. सुई जिथे जाते तिथे भोक पडणारच, तेव्हा शिवणीला काय करणार, असं विचारलं. मेण घासून देतो, असं इस्माइलभाई म्हणाले. आरसे काढून माप घ्यायचं की ठेवून, यावर पंधरा मिनिटं गेली. आण्णांचं म्हणणं, आरसे असले तर कव्हरला दोन शिखरं येतात आणि पाणी साचत नाही. शेवटी आण्णांनी विचारलं, हे किती मिलिमीटरला टिकेल?

इस्माइलभाईंनी मशीन थांबवली. "काका, पाऊस थांबंस्तोवर टिकेल," ते म्हणाले.

आण्णांना हे उत्तर मुळीच पटलं नाही. कव्हर पारखायचं तर पाऊस किती झाला ते आधी ठाऊक पाहिजे, असं म्हणून त्यांनी खांद्याच्या पिशवीतून नरसाळं, बाटली आणि काचनळी काढली आणि आमच्या अंगणात, भिंतीपासून लांब, खड्डा खणून पर्जन्यमापक बसवला. घरमालकीण बाई खिडकीतून बघत होत्या. जमिनीत काय पुरलं म्हणून त्या पुढचे चार दिवस माझ्याकडे संशयाने बघत होत्या. रोज साडेआठला नळी वाचून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात आकडा लिहायचं काम माझ्याकडे आलं. कॅलेंडर घरात होतं. म्हणून दर रविवारी मी ते खिळ्यावरून काढून अंगणात त्यांना दाखवायला नेत असे.

रेक्झिनही गळलं. त्या आठवड्यात एका दिवशी त्र्याऐंशी मिलिमीटर झाला होता, त्यामुळे कोणालाच काही वाटलं नाही. तिसरं कव्हर निळ्या ताडपत्रीचं, अखंड, एकही शिवण नसलेलं. ट्रकवर घालतात तसलं जाड. आठवडाभर कोरडं आणि रविवारी अकराला सीटवर पाणी. तेव्हा आण्णांनी नवा सिद्धांत मांडला. पाणी वरून येतच नाही. इंजिन गरम, कव्हर बंद, आतल्या आत घाम सुटतो. म्हणजे इतके दिवस आपण छिद्र नसलेलं शोधत होतो हेच चुकलं, छिद्र असलेलं पाहिजे. चौथं कव्हर जाड कॅनव्हासचं झालं, दोन्ही बाजूंना तळहाताएवढ्या जाळीच्या खिडक्या आणि वर झडप. ते शिवून देताना इस्माइलभाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं की काकांचं घरी सगळं ठीक आहे ना.

दरम्यान आणखी एक गोष्ट होत होती. दुसऱ्या रविवारी आण्णांनी उभ्यानेच चहा घेतला. तिसऱ्या रविवारी पायरीजवळच्या दगडावर बसून घेतला. चौथ्या रविवारी पायरीवर बसले आणि कपबशी स्वतः उंबऱ्यावर ठेवली, आतल्या बाजूला. त्या महिन्यात आण्णा उंबऱ्याच्या दिशेने साधारण आठवड्याला चार फूट सरकत होते. बोलणं मात्र अजून माझ्यामार्फतच होतं.

पाचवा रविवार हा अधिकातला शेवटचा. वैजयंताने तांदूळ तीन दिवस भिजवून, वाटून, गुळात मळून अनारसे केले होते. तेहतीस. खसखशीवर थापलेले, बदामी रंगावर तळलेले. माहेरचं वाण तिने सासरी स्वतःच केलं, कारण करणारं दुसरं कोणी नव्हतं. ताटात मांडून वर दिवा ठेवला. पण हे वाण माहेरच्या माणसाने जावयाच्या हातात द्यायचं असतं आणि ते अंगणात उभ्याने देत नाहीत.

"आज आले तर आले," ती म्हणाली. "उद्या अधिक संपला की यायला निमित्त न्हाई त्यांना."

अडचण एवढीच होती की शुक्रवारपासून पाऊस गायब होता. लख्ख ऊन. शुक्रवारी मी चौकोनात शून्य लिहिलं, शनिवारी शून्य, रविवारी साडेआठला बाटली उपडी केली तर तिच्यातून एक मुंगी पडली. तिसरं शून्य लिहिलं. जाता जाता कव्हर उचलून सीटवर हात फिरवला. कोरडी ठणठणीत. चौथं कव्हर एकदाचं पास झालं, असं म्हणून मी आंघोळीला गेलो.

अकराला आण्णा आले. उन्हातही छत्री उघडलेली होती. नेहमीप्रमाणे त्यांनी कव्हर उचललं.

सीटवर पाणी होतं. सीटच्या खोलगट भागात तळं साचलेलं आणि कडेने थेंब खाली ठिपकत होते.

आण्णांनी वर आभाळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पर्जन्यमापकाशी गेले, बाटली काढली, उपडी केली. या वेळी मुंगीसुद्धा पडली नाही. त्यांनी कॅलेंडर मागितलं. मी आत जाऊन ते आणताना वैजयंताकडे बघितलं. ती चौकटीत उभी होती आणि तिच्या पायाशी ओला तांब्या उपडा घातला होता.

"ही शून्यं तुमचीच?" आण्णांनी विचारलं.

"माझीच. नीट बघून लिहिलीत."

"बरोबर हाईत."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. दर रविवारी अकराच्या आत मी आंघोळीला जायचो. आठवडाभर कोरडी राहणारी सीट रविवारीच का ओली व्हायची ते कळलं. सख्ख्या भावासाठी ज्याने एक मिलिमीटर इकडचा तिकडे केला नाही, त्या माणसाला लेकीने महिनाभर तांब्याने फसवलं होतं. हा आता जो जाईल तो कायमचा, असं मला वाटलं. मी खरोखर घाबरलो होतो.

आण्णांनी कॅनव्हासची शांतपणे चौपदरी घडी घातली.

"कवर गळत न्हाई," ते म्हणाले.

"नाही."

"आधीची तीनबी गळत न्हवती."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"एकतीस वर्सं पाणीच बघितलं की मी. गळतीचं पाणी शिवणीखाली थेंब थेंब दिसतंय. ह्ये एका जागी ओतल्यालं हाय. पहिल्या खेपेलाच दिसलं."

"मग तीन कव्हरं कशाला घेतलीत?"

घडी केलेलं कव्हर दोन्ही हातांत धरून ते उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच मला ते म्हातारे वाटले.

"पाऊस हुता तवर चालत हुतं," ते म्हणाले. "दोघांचंबी चालत हुतं. आता शून्याला काय करू, सांगा."

ते पाठ वळवतील म्हणून मी वाट बघत होतो. ते वळले, पण दाराकडे.

"वैजू," ते म्हणाले. तीन वर्षांत त्यांनी तिला मारलेली ही पहिली हाक. "तांब्या केवढा?"

"लिटरचा," ती म्हणाली.

"भरून?"

"काठोकाठ."

आण्णांनी छत्री मिटली आणि तिच्या दांड्याने सीटची लांबी-रुंदी मापली. "दोन फूट बाय एक फूट."

"पाच पूर्णांक चार," आतून ती म्हणाली. आकडा झटक्यात आला.

"कडंनं वघळलं ते वजा कर."

"मग पाच."

"पाच मिलिमीटर," आण्णांनी मला सांगितलं. "म्हंजे पाऊस झाला."

त्यांनी चपला काढल्या, डावी उजवीला लावून पायरीवर नीट ठेवल्या, आणि आत आले.

पाट मांडलेला होताच. आण्णांनी ताट माझ्या हातात दिलं, मी वाकून नमस्कार केला. मग त्यांनी एक अनारसा उचलला, खिडकीकडे धरला आणि एक डोळा मिटून त्याच्या जाळीतून पलीकडे बघितलं.

"उजेड दिसतोय," ते म्हणाले. "झ्याक जमलेत." आणि एकामागून एक चार खाल्ले. वैजयंता पदराने डोळे पुसत त्यांच्यासमोर बसली होती आणि ते बघत नसल्यासारखं करत होते.

ती पाणी आणायला उठली तेव्हा मीही मागे गेलो आणि हळूच म्हणालो की नरसाळ्यातही थोडं ओतायचं राहिलं, विसरलीस काय?

सातव्या वर्षापासून आण्णांबरोबर नळी वाचणारी ती. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला माझ्या प्रश्नाची लाज वाटली.

"न कळवता आत आणायचं न्हवतं त्यांना," ती म्हणाली. "एकदा केलं तेवढं बास."

आम्ही बाहेरच्या खोलीत आलो तेव्हा आण्णा भिंतीपाशी उभे होते. कॅलेंडर त्यांनी आपल्या हाताने खिळ्याला लावलं होतं. खिशातलं पेन काढून त्या दिवशीच्या चौकोनातलं शून्य त्यांनी एका आडव्या रेघेने खोडलं आणि वर बारीक अक्षरात पाच लिहिलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी हे कधी केलं नव्हतं, आणि ते मला सहन होईना.

"आण्णा, राहू दे की शून्य," मी म्हणालो. "आकाशातून काही पडलं नाही."

"पाणी पडलं का न्हाई?"

"पडलं."

"वरनंच पडलं न्हवं?"

"वरनंच."

"मग," ते म्हणाले, आणि खाडाखोडीला सही लागते म्हणून शेजारी सही केली.